एका शब्दावर हसलेली खोली

आज संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी दिल्लीतल्या आर. के. पुरममधल्या एका खोलीत नऊ माणसे हसली आणि एक मुलगी बोलायची थांबली. मी तेव्हा तिच्या हातात होतो.

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेपरवेट आहे. फिरोजाबादच्या भट्टीत जन्मलो. माझ्या पोटात निळे बुडबुडे अडकले आहेत. त्यांतून पाहिले की माणसे पाण्याखाली तरंगताना दिसतात. सव्वीस वर्षे मी एका सरकारी कचेरीत फायलींवर बसलो. पंखा सुरू झाला की सगळे मला शोधत. पुढे कागद संगणकात गेले आणि मी खणात गेलो, गंजलेल्या टाचण्यांशेजारी. तिथे मी बहुतेक झोपूनच असे. निवृत्तीच्या दिवशी इंदुमतीताईंनी मला घरी आणले.

आता दर रविवारी त्या आसपासच्या मराठी घरांतल्या माणसांना गोल बसवतात. घरात जे बोलले जात नाही, ते इथे बोलायचे. मी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे. मध्ये तोडायचे नाही. खोलीतले बाहेर न्यायचे नाही, म्हणून नावे मी बदलली आहेत.

आजचा विषय होता मनाचे आजार. पंधरा वर्षांची कृतिका जपून, शुद्ध मराठीत बोलू लागली. "माझा भाऊ मानसदादा खोलीतून बाहेर येत नाही. जेवत नाही. मी आईला सांगायची खूप चेष्टा केली."

तिच्या शाळेतल्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. सूर्यकांतकाकांच्या ते ध्यानात आले नाही. "अगं, आईची चेष्टा करतात होय? प्रयत्न म्हण, प्रयत्न."

सगळे हसले. समोर बसलेली तिची आई अलकाही हसली. कृतिकाने मला सतरंजीवर ठेवले.

इंदुमतीताई रागावल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "एक नियम सांगायचा माझ्याकडूनच राहिला: इथे कुणाची भाषा सुधारायची नाही." काकांनी मला उचलून कृतिकाच्या हातात दिले.

"चुकलो, बाळ. हिंदीत बोल, कशातही बोल."

ती हिंदीत बोलली. सहा मिनिटे. खिडकीतले ऊन माझ्यातून तिच्या तळहातावर निळे सांडत होते.

मित्रांनो, कुणी अडखळत काही सांगत असेल तर त्याचे शब्द तपासू नका. वाक्य पुरे होऊ द्या.

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी अलकाने हात पुढे केला. आता मी तिच्याकडे आहे. बोलायची पाळी तिची आहे.