थोरल्याची ओळ

"थोरलाच भारी," वाइंडर म्हणाला. "मान्य. मधला त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही."

दुकानात कंडक्टरचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. आणि ज्याला खूश करायला वाइंडरने हे वाक्य आठवडाभर घोकलं होतं, तो पेंटर स्टुलावरून उठला, गळ्याशी बांधलेला पातळ रुमाल सारखा केला आणि कुणाकडेही न बघता निघून गेला.

"मी काय वाईट बोललो?"

"मला नको विचारूस," कंडक्टर म्हणाला. "इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. मीच घाबरलो."

थोरला, मधला आणि धाकटा ही भावंडं नव्हेत. एका हार्ड रॉक बँडचे हे तीन मुख्य गायक, एकामागून एक आलेले. थोरला घोगरा. तो असा काही गायचा, की आता ह्याचा घसा फाटणार अशी ऐकणाऱ्यालाच धास्ती वाटावी. त्याचं बँडशी बिनसलं तेव्हा मधला आला. उंच, स्वच्छ, शिकून तयार झालेला आवाज. पुढे तोही गेला आणि धाकटा आला. हा दोघांचीही गाणी गातो आणि, पेंटर-वाइंडरच्या एकमेव एकमतानुसार, दोघांचीही माती करतो. पेंटर थोरल्याचा, वाइंडर मधल्याचा; धाकट्याच्या बाजूने एकटा कंडक्टर होता, पण त्याचं मत कुणी विचारत नसे.

वाइंडरचं दुकान पंपांच्या जळलेल्या मोटारी आणि पंखे यांत तांब्याची तार पुन्हा गुंडाळून द्यायचं. शनिवारी दुपारी तो काम बाजूला सारायचा. मग पाट्या रंगवून दमलेला पेंटर यायचा, बसवर ड्यूटी नसली तर कंडक्टर यायचा आणि भांडणाला तोंड फुटायचं. भांडणाचा नियम एकच होता. नुसतं बोलायचं नाही. आपला गायक भारी असं ज्याला वाटतं, त्याने ती ओळ उभं राहून म्हणून दाखवायची. वार्निशच्या वासात, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांमध्ये दोन पोक्त माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडताहेत, हे बघून गिऱ्हाईक कधी कधी दारातूनच परत जाई.

पेंटरची एक ठरलेली ओळ होती. थोरल्याच्या सगळ्यात लांब सुराची. पेंटरच्या तरुणपणी टेपरेकॉर्डरने त्याची कॅसेट चावली होती आणि नेमक्या त्या सुराच्या मध्यात एक खाच पडली होती. पेंटरने गाणं त्याच कॅसेटवरून पाठ केलं, खाचेसकट. नंतर चांगली कॅसेट मिळाली, पुढे तर फोनवरच सगळं मिळायला लागलं, तरी पेंटर तिथे येऊन ठेचकाळायचाच. "थोरल्याला उचकी लागली वाटतं," असं वाइंडर दर वेळी म्हणायचा आणि पेंटर दर वेळी चिडायचा.

मग पेंटरच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. आता तो गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घ्यायचा. यंत्र लावून बोलायला शिकायला अजून अवकाश होता, आणि गाणं तर कायमचं संपलं होतं. वाइंडर रोज हॉस्पिटलात जायचा, औषधं आणून द्यायचा, पण तिथे बसल्यावर बोलायचं काय हे त्याला सुचत नसे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडणं त्याच्या जिवावर आलं होतं. म्हणून ऑपरेशननंतर पेंटर पहिल्यांदा दुकानात आला त्या शनिवारी त्याने ठरवून हार मानली. मित्राला तेवढं तरी देता येईल असं त्याला वाटलं होतं.

सोमवारी पेंटरची बायको टेबलफॅन काखेत मारून दुकानात आली.

"बिघडला का, वहिनी?"

"नाही. काहीतरी हातात घेऊन यायला हवं होतं." तिने पंखा बाकावर ठेवला. "भाऊजी, तुम्ही ह्यांना काय बोललात?"

"काही नाही हो. उलट मी हरलो म्हटलं."

"तेच." ती स्टुलावर टेकली. "शनिवारपासून नीट जेवले नाहीत. काय झालं म्हणून विचारलं, तर आधी भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःकडे. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात, तसं बोललात तुम्ही."

वाइंडरने हातातली तार उगाचच बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"तुम्ही भांडा त्यांच्याशी," ती म्हणाली. "मी भांडायला जाते तर मलाच रडू येतं. घर इतकं शांत झालंय ना! आंघोळीला गेले की ती ओळ ठरलेली. मी बाहेरून दार वाजवायची, अहो, शेजारी काय म्हणतील? आता शेजारी कशाला काय म्हणतायत!"

वाइंडरला तिच्याकडे बघवेना. तो पंखा उलटासुलटा करून बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, माझा निरोप सांगा त्याला. म्हणावं, तुझा थोरला गातो की दात काढताना बोंबलतो, हे मला अजून कळलेलं नाही. हिंमत असेल तर शनिवारी ये."

ती हसली आणि हसता हसताच तिने पदराने डोळे पुसले. पंखा तिथेच ठेवून ती गेली.

शनिवारी पेंटर आला तो पाय आपटतच. वाइंडरचा जीव वरखाली होत होता, पण त्याने तोंड सोडलं. थोरल्याला सूर म्हणजे काय ठाऊक नाही, मधला नसता तर बँड कधीच बुडाला असता, असं सगळं जुनं उकरून काढलं. पेंटरने बाकावर थाप मारली. मधला कसा नाक वर करून गातो ते नाक चिमटीत धरून दाखवलं. कंडक्टर खो खो हसला. वाइंडरलाही चेव आला.

"हातवारे नकोत! म्हणून दाखव!"

तोंडून गेलं आणि त्याने जीभ चावली. कंडक्टर मान खाली घालून बुटाचे बंद बघू लागला.

पेंटरने वाइंडरकडे पाहिलं. मग आजारपणानंतर पहिल्यांदाच तो तोंडभर हसला. पुढे होऊन त्याने वाइंडरच्या छातीवर बोट रोवलं. तू. तू म्हण.

"मी? थोरल्याची ओळ? शक्य नाही."

बोट हललं नाही.

वाइंडरने म्हटली. पेंटरने कपाळावर हात मारला आणि वाइंडरच्या पोटावर बुक्की ठेवून दाखवलं, इथून. वाइंडरने पुन्हा म्हटली. पेंटरने तळवा खाली दाबला, आणखी घोगरं. कंडक्टर म्हणाला, "ह्यापेक्षा धाकटा बरा!" आणि दोघांनीही त्याला डोळ्यांनी गप्प केलं. वाइंडरचा घसा खरवडून निघाला, कपाळावर घाम आला, तरी पेंटर सोडेना. शेवटी त्याने हात उचलला आणि पाटीवर लांब रेघ ओढावी तसा हवेत डावीकडून उजवीकडे नेऊ लागला. वाइंडरने डोळे मिटले आणि सूर लावला.

सूर लागला. लांबत गेला. आणि मध्यावर आल्यावर, मनात नसताना, तो त्या खाचेत ठेचकाळला.

"चुकलं," वाइंडर ओशाळून म्हणाला. "परत म्हणतो."

पेंटरचा हात हवेतच राहिला होता. त्याने हळूच मान हलवली. चुकलेलं नव्हतं.

तेवढ्यात दारात पेंटरची बायको धापा टाकत येऊन उभी राहिली. पंखा न्यायला म्हणून ती निघाली होती, पण कोपऱ्यावरून ती ओळ ऐकू आली, नेमकी तिथेच ठेचकाळलेली, आणि तिथून ती पळत सुटली होती. तिने आधी नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग वाइंडरकडे. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटून गेलं होतं ते तिघांनीही पाहिलं.

"पंखा ठेवलाय, वहिनी," वाइंडर म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता.

"असू दे." तिने स्टूल ओढलं आणि नवऱ्याशेजारी बसली.

पेंटरने वाइंडरकडे बघून बोट गोल फिरवलं. परत.

वाइंडरने छाती भरून श्वास घेतला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, खाचेसकट.