पानं बोलतात

त्या वर्षी हॅम्ब्रीच्या क्लबात पोकरच्या मोठ्या स्पर्धेला एवढी गर्दी लोटली की टेबलं मांडायला जागा पुरेना. शेवटी मागचं लग्नं लावायचं दालनही रिकामं करून घेतलं. हॉलिस प्रुएटचं टेबल नेमकं तिथे आलं, कागदी गुलाबांच्या कमानीखाली.

"लेका हॉलिस, तुझं दुसरं लग्न लागतंय बघ," शेजारच्या खुर्चीवरून डब लॅरिमोर म्हणाला. "नवरी कोणती ते तरी सांग."

हॉलिस हसला नाही. हे दोघे टेक्सासच्या गावोगावी पत्ते कुटत म्हातारे झालेले, आणि दोघांनीही ही स्पर्धा एकेकदा जिंकलेली. त्या काळी सगळे खेळाडू एका खोलीत मावत. कोण कधी थाप मारतो, कोणाची बायको कधी सोडून गेली, सगळं सगळ्यांना ठाऊक असे. आता टीव्हीवर खेळ दिसायला लागल्यापासून कोणीही उठावं आणि येऊन बसावं. प्रवेशाची फी परवडत नसेल, तर गावाकडची एखादी छोटी स्पर्धा जिंकून फुकट यावं.

म्हणून तर क्लबाचा मालक जो हॅम्ब्री सकाळी हॉलिसला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मिस्टर प्रुएट, पुढच्या वर्षीपासून काय करायचं? मोजक्यांनाच बोलवायचं, की येईल त्याला घ्यायचं? बाबांनी तुमचा शब्द कधी खाली पडू दिला नाही, मीही देणार नाही. जेवणाच्या सुट्टीत सांगा."

हॉलिसचं उत्तर तयार होतं. दार लावून घे. गर्दी वाढली की खेळ मरतो, हे तर होतंच. पण त्याच्या मनातली खरी गोष्ट निराळी होती. त्या छोट्या खोलीत इमान होतं. एकमेकांना तोंड दाखवायचं असे, म्हणून माणूस सरळ वागे. अनोळखी गर्दीत कोण कोणाची लाज बाळगणार?

समोर बसलेली बाई त्या गर्दीतलीच. व्हर्ना स्टोल्झ, नेब्रास्काची, तिकडच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. आल्या आल्या तिने कोपऱ्यातल्या ऑर्गनवर बोटं फिरवून पाहिली होती. "सुरात नाही हो हा," तिने टेबलाला सांगितलं होतं. "यावर लागलेली लग्नं टिकत कशी असतील?" दर डावाला ती विचारी, "माफ करा हं, माझी पाळी का?" आणि तरीही तिच्यापुढे पणाला लावायच्या चकत्यांचा ढीग हॉलिसपेक्षा मोठा होता.

आता डावात दोघंच उरले होते. टेबलावर दोघांच्याही हिशेबात धरायची उघडी पानं होती राजा, नव्वी, छक्की, पंजी. आणि शेवटची पडली अठ्ठी. हॉलिसच्या हातात दोन राजे. म्हणजे तीन राजे झाले. भीती एकाच पानाची. बाईकडे सत्ती असली, तर तिची पंजीपासून नव्वीपर्यंत सलग पाच पानं लागणार, आणि सलग पाचांपुढे तीन राजे पाणी भरतात.

हॉलिसने टेबलाकडे पाहिलंच नाही, बाईकडे पाहिलं. अठ्ठी पडताच तिचे खांदे उतरले. ओठ किंचित मुडपले. सत्ती हातात असलेल्या माणसाचे खांदे असे उतरत नाहीत. आयुष्यभर त्याने हीच विद्या केली होती. त्याने आपल्या सगळ्या चकत्या पुढे सारल्या.

बाई बराच वेळ चुळबुळली. "तुम्ही मला घाबरवताय," ती म्हणाली. "आमचे पाद्रीबाबा असंच करतात. जाऊ दे. बघतेच मी." आणि तिनेही तेवढ्याच चकत्या पुढे केल्या.

हॉलिसने तीन राजे दाखवले.

"अगं बाई!" तिने आपली दोन पानं उलटून टेबलावर ठेवली. "हे घ्या. माझी नुसती सत्तीची जोडी. वेडीच मी."

दोन सत्त्या.

त्याने बाईला अचूक वाचलं होतं. आपल्याकडे काही नाही अशी तिची खात्री होती, आणि तीच खात्री त्याने वाचली होती. खोटं बोलणारी माणसं त्याला वाचता येत, खरं बोलणारीही येत. पण जिला स्वतःलाच ठाऊक नाही, तिला वाचायचं कसं?

"तीन राजे," पानं वाटणारी मुलगी म्हणाली. ल्यूपे तिचं नाव, गर्दीमुळे आठवड्यापुरती ठेवलेली. तिने चकत्या हॉलिसकडे लोटायला सुरुवात केली. बाकीच्यांतला कोणी फोनमध्ये, कोणी सँडविचमध्ये. कुणालाच दिसलं नव्हतं. पोकरचा जुना नियम असा की उघडी पानं स्वतः बोलतात, ज्याची पानं तो काही म्हणो; ज्याला दिसेल त्याने सांगावं. पण एकदा पानं गड्डीत मिसळली की मुकी झाली. ल्यूपेचा दुसरा हात सत्त्यांकडे निघाला होता.

टेबलाखाली हॉलिसच्या गुडघ्यावर एक गुडघा आपटला. डब. डबला दिसलं होतं. आणि डब कमानीवरचे कागदी गुलाब बघत हलकेच शीळ घालत होता.

एक श्वास गेला. तेवढा वेळ हॉलिसही गप्प होता.

"थांब, पोरी," मग तो म्हणाला. "हात काढ. पानं बोलू दे."

"काय झालं? माझं काही चुकलं का?" व्हर्नाने विचारलं.

"नाही बाई. सलग पाच आहेत तुमची. पंजी, छक्की, ही तुमची सत्ती, अठ्ठी, नव्वी."

"पण मी तर जोडी म्हटलं ना हो!"

"तुम्ही काय म्हटलं ते इथे कोणी विचारत नाही," हॉलिस म्हणाला आणि खुर्ची मागे सारून उठला. त्याची स्पर्धा संपली होती.

सुट्टी होताच डब कॉफीच्या दुकानात त्याला शोधत आला. समोर बसून त्याने दोघांसाठी पीचची गोड पाई मागवली आणि मग सुटलाच. "डोकं फिरलंय का तुझं? त्या पेटीवालीसाठी स्वतःच्या हाताने स्वतःला पुरलंस!"

"तुला दिसलं होतं."

"दिसलं म्हणजे? मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्यासाठी, गाढवा! पहिल्यांदा का गप्प बसलोय?"

हॉलिसचा काटा हवेतच राहिला. डबने घाईघाईने कॉफीचा कप तोंडाला लावला.

"म्हणजे काय, डब?"

"काही नाही. पाई खा."

"डब."

"अरे, तू जिंकलास त्या वर्षी." डब कपाशी बोलल्यासारखा बोलत होता. "तो कॅन्सासचा, पेंड विकणारा. त्याची पाचही बदामं होती, तुझ्यापेक्षा भारी. त्याला कळलं नाही, त्याने दुरी-तिरी काहीतरी सांगून पानं टाकली. उघडी पडली होती रे, आम्ही सगळ्यांनी पाहिली. तुझी बायको मेबल नुकतीच वारली होती. वाटलं, मिळू दे हॉलिसला. तू चकत्या ओढत होतास, तुला दिसलं नाही."

"सगळ्यांनी?"

"आपल्यातला असता तर बोललोच असतो की. तो बाहेरचा होता."

हॉलिसच्या पट्ट्याला ती स्पर्धा जिंकल्याचं चांदीचं बक्कल होतं, त्यावर त्याचं नाव कोरलेलं. त्या दिवसापासून त्याने दुसरं बक्कल लावलं नव्हतं.

"नाव काय होतं त्याचं?"

"कोणाला आठवतंय? गर्दीतला कोणीतरी."

"त्या वर्षी गर्दी कुठे होती, डब?"

तेवढ्यात जो हॅम्ब्री हसतमुखाने टेबलापाशी येऊन उभा राहिला. "तुमचं ऐकलं, मिस्टर प्रुएट. वाईट वाटलं. पण सकाळचं ते? काय ठरवलंत?"

"सांग त्याला," डब म्हणाला. "आता तर तुला पटलं असेल. ज्यांना स्वतःची पानं वाचता येत नाहीत ती माणसं येऊन आपल्याला उठवतात."

"दार उघडं ठेव," हॉलिस म्हणाला.

"हॉलिस!"

"येईल त्याला घे, जो. पानं वाटणारे तेवढे शिकवून ठेव. आणि आम्हा जुन्यांना एका टेबलावर बसवू नकोस. कोणासाठीही गप्प बसणार नाही असा एखादा अनोळखी डोळा टेबलावर पाहिजे."

जोला काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली आणि तो गेला. डब उठला. "तुझ्यावर उपकार केले, तीच चूक झाली," असं म्हणून तोही निघून गेला, पाईला हात न लावता.

हॉलिसचा हात बक्कलाकडे गेला. ते काढून टेबलावर ठेवावं असं त्याला फार वाटलं. पण पट्टा सोडला तर विजार खाली येईल, इतका तो अलीकडे वाळला होता. त्याने शर्ट बाहेर ओढला, बक्कल झाकलं, आणि मागच्या दारातून बाहेर पडला.