बारावं प्रकरण

"शनिवारपर्यंत ही खोली रिकामी हवी," मुख्याध्यापक म्हणाले. "सराव परीक्षांना जागा पुरत नाही, आणि इथं तर काळं कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

एकोणीस वर्षं ग्रंथपालबाईंनी ग्रंथालयाच्या या खोलीत शांतता राखली होती. पान दुमडलं की रागावल्या होत्या, कुजबूज झाली की ओठांवर बोट ठेवलं होतं. मुलं पाठीमागे त्यांना 'शूऽऽबाई' म्हणत. शांतता इतकी चोख राखली गेली, की आता तिथं कुणीच येत नव्हतं. हे त्यांना आज उमगलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या पाण्याच्या नळांपाशी पुस्तक घेऊन उभ्या राहिल्या. खाणीत अडकलेल्या सात माणसांची गोष्ट होती. मोठ्यानं वाचायला लागल्या तर आवाज चिरकला. मुलं फिदीफिदी हसली. मंगळवारीही तेच. घसा पार बसला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, डोकं आपटून कधी भिंत फुटते का?"

"डोकं तरी फुटेल," म्हणत त्या गुळण्या करायला गेल्या.

बुधवारी सातवीतल्या चार-पाच मुली थबकल्या. बाई वाचत होत्या: दगड सरकला, दिवा विझला, अंधारात सात जणांनी एकमेकांना ओ दिली, तर आवाज आठ आले. तिथंच त्यांनी पुस्तक मिटलं.

"पुढं?" एक उंच मुलगी म्हणाली. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे.

"पुढचं तुम्ही वाचायचं."

गुरुवारी अख्खा वर्ग ग्रंथालयाच्या दारात. "आधी मी!" "ए, मी काल विचारलं होतं!" ओढाओढीत पुस्तकच लोंबायला लागलं. प्रत एकुलती एक, मुलं बत्तीस, आणि हातात दोन दिवस.

बाईंनी दार लोटलं. पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून कात्रीचं पातं फिरवलं. पहिली शिवण तुटली तेव्हा त्यांच्याच अंगावर काटा आला. बारा प्रकरणांचे बारा तुकडे झाले. एकेक तुकडा टाचून त्यांनी ते मुलांत वाटून टाकले.

शुक्रवारी जिन्यावर, खिडक्यांत, बाकांखाली मुलं वाचत होती. पाचवं हातात पडलेला चौथ्यासाठी गयावया करत होता. "आठवा कोण ते सांगितलंस तर बघ हं!"

गणिताच्या तासाला बाकाखालचं बारावं प्रकरण सापडलं, आणि दहा मिनिटांत बाईंना मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं.

"शाळेचं पुस्तक फाडलंत? तुम्ही?"

"हो सर. मीच."

"मुलांना हेच शिकवायचं का?"

"सर, मुलं वाचताहेत हो." बाई टेबलापाशी सरकल्या. "अजून एक आठवडा द्या. फक्त एकच."

मुख्याध्यापकांनी ते प्रकरण खणात टाकलं आणि खण बंद केला. "उद्या शनिवार आहे, बाई."

शनिवारी दोघे शिपाई पुस्तकं पोत्यांत भरत होते. उंच मुलगी दारात आली. तिच्यामागे बाकीची मुलं.

"बाई, बारावं कुणाकडे आहे?"

"सरांच्या खणात."

"मग तुम्हीच सांगा ना शेवट. तुम्हाला तर पाठ असेल."

पाठ होता. दोन मिनिटांचं काम होतं. या खोलीत पुन्हा कुणी काही विचारायला येणार नव्हतं.

"नाही सांगणार. सरांकडे जा. मागा."

"ते ओरडतील."

"हो, ओरडतील."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळी तिकडे निघाली.

थोड्या वेळानं बाई एक पोतं ओढत बाहेर आल्या. मुख्याध्यापकांच्या बंद दारापासून रांग जिन्यापर्यंत पोचली होती. तास सुरू झाल्याची घंटा वाजली. रांगेतलं कुणी हललं नाही. उंच मुलीनं दारावर पुन्हा टकटक केली.

बाई पोत्याचं तोंड बांधायला खाली बसल्या. सुतळी हातात तशीच धरून त्या रांगेकडे बघत राहिल्या.