खसखशीचे पानगे

शकुबाईने काडीने आर हलकेच बाजूला सारला आणि पळसाच्या करपलेल्या पानांत गुंडाळलेला पानगा दोन बोटांनी उचलून सुपात ठेवला. आवाज झाला नाही. तशी काळजीच घेतली होती तिने. सुपात आधी जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला होता. पानं सोलली तशी आतून वाफ निघाली, गुळाची, जायफळाची आणि भाजल्या खसखशीची.

ओसरीत खाटेवर तिचा नवरा लटारू पडून होता. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या. ती पाय न वाजवता जवळ गेली आणि वाकून पाहू लागली.

"पाहू नोको," तो डोळे न उघडताच म्हणाला. "जागाच हावो."

तिने पानगा त्याच्या हातावर ठेवला. त्याने मुकाट्याने खाल्ला. धान कापून घरात आलं, शेतातल्या माळ्यावरची रात्रीची जागल संपली, तेव्हापासून हे असं चाललं होतं. पाठ टेकली की घटकाभर डोळा लागे आणि लगेच दचकून उठे. मग उजाडेस्तोवर आढ्याकडे पाहत राही. परवा जंगलात कुऱ्हाड निसटली ती त्याच्या पायाच्या अंगठ्याला चाटून जमिनीत रुतली. मुकादमाने कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हणाला, "पह्यले झोप काढून ये बाप्पा. सोमवारी उभे साग पाडाचे हायेत. झाड येऊन राह्यलं आन तू डुलकी खाऊन राह्यला, त मी तुया बायकोले का सांगू?"

हे त्याने घरी येऊन हसत सांगितलं होतं. शकुबाई हसली नव्हती.

पानग्याची युक्ती तिच्या मोठ्या जावेची, इंदुताईची. आरमोरीच्या बाजारातून खसखस आणि जायफळ तिनेच आणून दिलं होतं. कणिक थोडी, म्हणून तांदळाची पिठी मिसळायची. गुळाबरोबर उकडलेली मोहफुलं कुस्करून घालायची. वाटलेली खसखस, जायफळ, आणि मळायला दूध. पळसाच्या पानात दाबून गोवऱ्यांच्या आरात भाजायचं. "दगडालेही झोप येते," असं इंदुताई म्हणाली होती.

दगडाला आली असती. लटारूला येत नव्हती. शकुबाईने खसखस वाढवली, जायफळ वाढवलं. आणि पानग्याला मदत म्हणून घरात सगळं चिडीचूप करून टाकलं. बैलाच्या गळ्यातल्या घंटीत चिंधी कोंबली. मोरीवरचा खडखडणारा पत्रा काढून ठेवला. दळण इंदुताईच्या जात्यावर न्यायला लागली, आणि पहाटेचं गाणं तर बंदच केलं. तिच्या गळ्यात देवाचं नाव असल्याशिवाय त्या घरात कधी दिवस उगवला नव्हता.

"वहिनी, घर हाये का मसनवटा?" फाटकातून इसरू ओरडत आत आला. त्याचं शेत लटारूच्या बांधाला लागून. माळ्यांवर दोघांनी वर्षानुवर्षं मिळून रानडुकरं हाकलली होती.

"हळू बोला ना भाऊ!"

"कायले हळू? जागाच त हाये थो." त्याने सुपातला पानगा उचलला. "तुये पानगे लय जालीम हायेत वहिनी. काल दोन खाल्ले, त बायकोनं पाणी मारून उठवलं मले. यालेच काऊन लागत नाई?"

"तुमीच इचारा तुमच्या दोस्ताले."

"माळ्यावर त मस्त झोपे. मी माया पाळीत बोंबलत राहो, अन हा लेकाचा घोरत राहे."

"तठी हवा होती," लटारू खाटेवरून म्हणाला.

"हवा!" इसरू हसला. "चाल, ऊठ. भैयाजी बुवाचं काल्याचं कीर्तन हाये आज. झोप नाई त नाई, पुण्य त भेटंल."

मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात सप्ताहाची सांगता होती. शकुबाई बायकांत बसली. पदराच्या गाठीत एक पानगा बांधून आणला होता, मधेच खायला घालावा म्हणून. लटारू पुरुषांच्या मागे खांबाला टेकून बसला. बुवांनी वीणा गळ्यात घेतली, टाळकरी उभे राहिले आणि मृदंगावर थाप पडली. मग काय विचारता! नामाचा असा गजर उठला की मांडवाची पानं हलू लागली. शकुबाईचेही ओठ कितीतरी दिवसांनी हलले, हात आपोआप टाळीवर गेले.

टाळी वाजवता वाजवता तिने खांबाकडे पाहिलं आणि तिचे हात थांबले.

लटारूची मान छातीवर आली होती. तोंड किंचित उघडं. हात मांडीवरून ओघळून खाली पडलेला, बोटं सैल. शेजारचा म्हातारा त्याच्या कानाशीच झांज आपटत होता आणि त्याच्या पापणीला हालचाल नव्हती.

मारुतीराया, थांबवू नको रे हा गजर, शकुबाई मनात म्हणाली.

बुवा आता गोकुळात शिरले होते. गाई वळण्याची पाळी गोपाळांची. पण उन्हाने दमून त्यांचे डोळे मिटायला लागले. तेव्हा कृष्ण म्हणतो, "निजा रे गड्यांनो. गाईंकडे मी पाहतो." इथे ते नेहमी हात वर करीत. त्यांनी हात वर केला. मृदंग थांबला, टाळ थांबले. सगळा मांडव श्वास धरून बसला.

आणि त्या शांततेत लटारू ताडकन उभा राहिला.

"होऽऽऽ! हुईऽऽऽ!"

मांडवावरची कबुतरं फडफडत उडाली. एक पोर रडायला लागलं. शकुबाईने पदर तोंडावर घेतला; आता कुठे तोंड दाखवू, असं तिला झालं. पण पलीकडच्या बाजूला बसलेल्या इसरूच्या तोंडून, त्याला कळायच्या आतच, जुन्या सवयीने उत्तर निघून गेलं होतं.

"होऽऽऽ!"

लटारूने ते ऐकलं. डोळे अर्धवट मिटलेलेच होते. तो तसाच खाली बसला, खांबाला टेकला, आणि मान पुन्हा छातीवर आली.

मांडवात हशा पिकला. बुवा त्याच्याकडे पाहत राहिले, मग तेही हसले. डोळे पुसत मृदंग्याकडे वळले.

"वाजवा, वाजवा. थांबू नका. पाळी आपली आहे, त्याला निजू द्या."

काल्याचा प्रसाद वाटताना इसरू शकुबाईपाशी आला. कानाची पाळी पकडून म्हणाला, "माहीच अक्कल गेली होती वहिनी. माळ्यावर आमचं ठरेलच होतं. माही हाळी चालू हाये तवरी यानं झोपाचं. हाळी बंद झाली, त समजाचं का मी झोपलो. आता याची पाळी."

शकुबाईच्या हातातला द्रोण तसाच राहिला. तिला घंटीतली चिंधी आठवली.

घरी पोचताच ती आधी गोठ्यात गेली. चिंधी ओढून काढली. बैलाने मान हलवली आणि घंटी वाजली. लटारू जांभया देत खाटेवर आडवा झाला. शकुबाईने जात्यात मूठभर दाणे टाकले, खुंटा धरला, आणि भरदुपारी, पहाटेचं गाणं म्हणू लागली. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. एक ओवी संपायच्या आत दुसरी धरायची, मधे जागा सोडायची नाही. ओसरीतून घोरणं ऐकू येऊ लागलं तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी जात्याच्या पाळीवर पडलं. तिने ते पिठातच मिसळू दिलं.

सावल्या अंगणात उतरल्या तेव्हा इसरू आला.

"झोपला?"

तिने गाणं न थांबवता मान हलवली. खांदे भरून आले होते.

इसरूने मोरीवरून काढून ठेवलेला पत्रा उचलला, पायरीवर बसला आणि काडीने त्यावर ठेका धरला.

"सोड आता खुंटा. माही पाळी."

त्याला भजन येत होतं एकच, आणि तेही बेसूर. शकुबाई भिंतीला टेकली. पदराची गाठ सोडली. पानगा थंड झाला होता, तरी जायफळाचा वास होता. तिने एक घास खाल्ला.

उरलेला पानगा तिच्या हातातच राहिला, मान खांद्यावर कलली. इसरूने वळून पाहिलं, आणि ठेका थोडा वाढवला.