कानामागचा थेंब

“दुकानाचा बोर्ड आजच उतरव, ताई. उद्या तपासणीवाले आले की उगीच तमाशा,” असं म्हणत धाकटी बहीण आरशासमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसली. केसांचा हा धंदा तिला ताईनेच शिकवला होता, अगदी कात्री कशी धरायची इथपासून. आणि आता बाईसाहेब पार्लरवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष!

ताईच्या हातातला कंगवा हातातच राहिला. “परवान्याचा कायदा व्हावा म्हणून दारोदार कोण हिंडलं गं? मीच ना?”

खोटं नव्हतं ते. कोपऱ्यावरच्या एका भामट्याने कॉलेजातल्या पोरीच्या डोक्याला भलतंच काहीतरी फासलं, टाळू पार भाजून निघाली. पोरगी ताईच्या दुकानात येऊन ढसाढसा रडली, तेव्हा ताई इरेला पेटली. ज्याला कळत नाही त्याने कुणाच्या डोक्याला हात लावू नये, असा कायदा हवाच म्हणाली. कायदा झालाही. पण संघटनेने त्यात गुपचूप एक अट घुसडली: परवाना फक्त मान्यताप्राप्त शाळेत शिकलेल्यांनाच. आणि अख्ख्या शहरात तशी शाळा एकच, धाकटीची.

“वर्गात तुझ्यासाठी जागा ठेवते की. वर्षभर बसायचं फक्त.”

“तुझ्यापुढे? बाकावर?”

“नियम सगळ्यांना सारखा, ताई. मी तरी काय करू?”

“ती अट कुणी घातली?”

धाकटी नखं बघत बसली. “सगळ्यांनाच आत घेतलं तर आमचं कसं चालायचं?”

अस्सं! परक्याने गळा कापला असता तर ताईला इतकं लागलं नसतं.

“बरं, ते जाऊ दे. परवा परवाने वाटायचा कार्यक्रम आहे. माझे केस रंगवून दे ना. दुसऱ्या कुणाचा हात मला चालत नाही, माहितीये ना तुला.”

काय म्हणावं या बाईला! तरी ताईने सवयीने रंगाचा एक थेंब तिच्या कानामागे लावला. कातडीला सोसतोय का हे एक दिवस बघितल्याशिवाय तिने आजवर कुणाचंच डोकं रंगवलं नव्हतं.

“उद्या ये.”

दुसऱ्या दिवशी धाकटी आली तेव्हा बोर्ड उतरवून भिंतीला टेकवलेला होता. ताईने तिला उजेडात नेलं, कान मुडपून नीट बघितलं.

“लाली नाही, खाज नाही. सोसेल तुला.”

धाकटी खुर्चीकडे वळली.

“तिथे नको. परवानेवालीकडे जा,” ताई म्हणाली, आणि जुन्या चादरीने खुर्ची झाकून टाकली.