परतीचं पेट्रोल

सावेलीची बर्फगाडी पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची. गाडी जुनी, सरकारी कारखाने जोरात होते त्या काळातली. खाली दोन रुंद पट्टे, पुढे एकच स्की आणि बसायला बाकासारखी लांब सीट. रशियाच्या उत्तरेला पांढऱ्या समुद्राच्या आमच्या काठावर अशा गाड्या घरोघर होत्या आणि त्या अजून चालत होत्या त्या केवळ सावेलीमुळे. कुणाचा प्लग गेला, कुणाचा पट्टा तुटला, की माणूस थेट त्याच्या छपरीत. आणि हा पठ्ठ्या कुणाकडून काही घेईल तर शपथ! मासे दिले तर नको, बटाटे दिले तर नको. गाव म्हणायचं, काय मोठ्या मनाचा माणूस! मला विचाराल तर ते मोठं मन नव्हतं, ताठा होता. देताना त्याचा हात लांब व्हायचा, घ्यायची वेळ आली की खिशात जायचा. पण हे तेव्हा बोलून कोण दाखवणार, आम्हा सगळ्यांच्याच गाड्या त्याच्या छपरीत पडलेल्या असायच्या.

त्या वर्षी हिवाळ्याआधीचं शेवटचं जहाज आलं ते वादळ अंगावर घेऊनच. पेट्रोलची निम्मीशिम्मी पिपं उतरवली आणि पळालं. मग घरटी वाटा ठरला, बोटी पुन्हा सुरू होईपर्यंत त्यातच भागवायचं. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सावेलीच्या म्हाताऱ्या वडिलांनी, झोसिमांनी, जेवता जेवता चमचा खाली ठेवला.

“मला उल्यानाकडे घेऊन चल,” ते म्हणाले.

सावेलीची बायको फाइना सूप वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. उल्याना म्हणजे झोसिमांची थोरली बहीण, भूशिराच्या पलीकडच्या गावात राहणारी. दोघं जन्मली तेच ते गाव. बापाची मासेमारीची बोट तिने यांना न विचारता विकून टाकली म्हणून हे भडकले होते, “तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही” म्हणाले होते, आणि ते खरं करून दाखवण्यात अर्धं आयुष्य घालवलं होतं. दरम्यान उल्यानाचा नवरा वारला, तिचे कान गेले, तरी हे जागचे हलले नव्हते.

“फोन लावू का, बाबा?” सावेली म्हणाला. “आत्याला ऐकू येत नाही, पण शेजारची पोरगी निरोप देईल.”

“असली गोष्ट शेजारच्या पोरीच्या तोंडून सांगतात होय रे? पाऊल ठेवणार नाही असं मी म्हणालो होतो. आता मीच जाऊन ठेवलं पाहिजे. समुद्रावर बर्फ आहे तोवर ने. बोटी सुरू होईपर्यंत माझा काय भरवसा!”

सावेलीने मनातल्या मनात हिशेब केला. मागे बर्फावरून ओढायची स्लेज जोडायची, तिच्यावर बाबांना कातड्यात गुंडाळून बसवायचं, म्हणजे गाडीवर ओझं. वाट्याला आलेलं पेट्रोल तिथे पोचायला पुरत होतं, पण येताना निम्म्या वाटेत संपणार होतं. आणि त्या गावालाही हेच जहाज पिपं देणार, म्हणजे तिकडेही ठणठणाटच असणार, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं.

“जाऊ, बाबा. गाडीचं ॲव्हरेज तेवढं सुधारतो, मग जाऊ.”

“नुसतं गाडीच्या मागे लागू नकोस,” फाइना म्हणाली. “तो अर्सेनी शेजारीच आहे. पाय मोडून बसलाय, त्याच्या वाट्याचं पेट्रोल तसंच पडून आहे. एक कॅन माग की.”

“मी आजवर कुणापुढे हात पसरला नाही.”

“हात पसर कोण म्हणतंय? त्याची गाडी तू कितीदा उघडलीस ते आठव.”

“म्हणूनच तर नाही मागत. वसुलीला आला म्हणेल.”

“तो नाही म्हणणार. तूच म्हणतोयस,” असं म्हणून फाइनाने पातेलं आपटलं.

म्हातारबुवा हे सगळं ऐकत होते. घरातल्या उबेच्या भट्टीला पाठ टेकून ते हळूच म्हणाले, “जाण्यापुरतं आहे ना? मग चल. परतीचं परतीच्या वेळी बघू.”

“आणि तिकडे अडकलो तर? सगळ्या काठाच्या गाड्या दुरुस्त करणारा सावेली पेट्रोलवाचून बसलाय म्हणून दोन्ही गावं हसतील.”

“हसू देत की,” झोसिमा म्हणाले. पण सावेली तोवर कानटोपी चढवून छपरीत निघालासुद्धा होता.

कामात मात्र तो बाप माणूस, हे कबूल केलंच पाहिजे. सायलेन्सरमधली वर्षानुवर्षांची काजळी त्याने खरवडून काढली. एक पट्टा जरा तिरका धावत होता तो सरळ केला, दुसरा उगाच ताणलेला होता तो सैल केला. पट्ट्यांच्या आतल्या चाकांमध्ये दगडासारखा बसलेला बर्फ रोज ठोकून पाडला. पुढचा लोखंडी दांडा काढला, सामानाची जाळी काढली, वजन म्हणून जे जे होतं ते ते उतरवलं. स्लेजच्या खालच्या लाकडांना प्लॅस्टिकच्या पाइपाच्या पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे ती नुसती बोट लावलं तरी सरकायला लागली. मग कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट काढून बारीक भोकाचा घातला.

प्रत्येक बदलानंतर तो काचेच्या बरणीने पेट्रोल मोजून टाकीत ओतायचा, दीपस्तंभापर्यंत जाऊन यायचा, आणि उरलेलं पुन्हा बरणीत काढून बघायचा. एखाद्या बोटाचा फरक पडला की स्वारी खूश. आत येऊन सांगायचा आणि बाबा “वा!” म्हणायचे. त्यांनी धुतलेला सदरा खुंटीवर काढून ठेवला होता. फाइनाने आत्यासाठी मासे भरलेली पोळी भाजली, जाणं लांबलं, घरातच खाल्ली. पुन्हा भाजली, तीही घरातच खाल्ली.

“अरे, मोजण्यातच सगळं जाळशील!” ती एकदा छपरीच्या दारात येऊन ओरडली. “कॅनमध्ये बघितलंस का किती खाली गेलंय ते?”

त्याने बघितलं होतं. म्हणून तर त्याला ॲव्हरेज आणखी वाढवायचं होतं. माणूस एकदा असा चक्रात सापडला की त्याला बाहेरून कितीही हाका मारा, ऐकू जात नाही.

त्याने जेट आणखी बारीक केला. दिवस उबदार होते तोवर गाडी छान पळाली. मग एका सकाळी आभाळ लख्ख झालं, कडाक्याची थंडी पडली, आणि दीपस्तंभाच्या अलीकडे इंजिन किंचाळून जाम झालं. सावेली पायी घरी आला, भुवयांवर बर्फ, तोंड एवढंसं.

बाबा खिडकीशीच बसले होते. “उपाशी मारलंस तिला,” ते म्हणाले. “तिच्या पोटात तेलसुद्धा पेट्रोलातूनच जातं ना? पेट्रोल तोडलंस तेव्हा तेलही तोडलंस. आणि थंडीत तर तिला जास्तच लागतं.”

“ठाऊक आहे मला, बाबा.”

“ठाऊक होतं तर केलंस कशाला?”

सावेली पुन्हा बाहेर पडला. गाडी ओढून आणली, इंजिन उघडलं, ओरखडे पडलेला पिस्टन कानशीने आणि मग बारीक काचकागदाने घासत बसला. भंगारातल्या गाड्यांमधून रिंगा शोधल्या, त्या बसेनात, दुसऱ्या शोधल्या. यात दिवसांमागून दिवस गेले. दुपारी छपरांवरून पाणी ठिबकू लागलं. बाबा आता “कधी?” असं विचारतही नव्हते. जेवण झालं की खिडकीशी बसायचे आणि भूशिराकडे बघायचे.

शेवटी जमलं. जेट एक पायरी मोठा, वेग एकसारखा, पट्टे मोकळे. सावेली दीपस्तंभाला जाऊन आला, बरणीत उरलेलं पेट्रोल त्याने उजेडात धरून दोनदा पाहिलं. उरलेल्या साठ्यात जाऊन येऊन भागत होतं! तो बूटही न झटकता आत धावला.

बाबा अंथरुणात होते. सकाळपासून कणकण होती, आता छाती भरून आली होती. गावची नर्स पलीकडे उभी होती. “थंडीत बाहेर काढायचं नावसुद्धा काढू नकोस,” ती म्हणाली.

“गाडी झाली का रे?” झोसिमांनी विचारलं.

“झाली, बाबा. जाऊन येऊन पुरतंय. तुम्हाला बरं वाटलं की लगेच निघू.”

“शाबास,” म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

ती शाबासकी सावेलीला सोसेना. रागावले असते, एखादी शिवी हासडली असती, तर सोसली असती त्याने. आठवडा सरायच्या आत बाबा गेले.

जमीन गोठलेली होती, थडगं खणता येईना. चालीप्रमाणे समुद्राने आणून टाकलेले ओंडके रचून त्यांचा जाळ करायचा होता, म्हणजे खालची माती मऊ पडते. ओंडके ओले होते. अर्सेनी कुबड्या टेकत आला, त्याच्या मागून त्याची बायको, आणि तिच्या हातात काठोकाठ भरलेला कॅन. कुणी मागितला नव्हता.

“ओत,” अर्सेनी म्हणाला. “अजून लागलं तर सांग, घरात आहे.”

सावेलीने कॅन घेतला आणि लाकडांवर रिकामा केला. जाळ एकदम भडकला तसे सगळे मागे सरले, हा तिथेच उभा राहिला. फाइनाने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तेव्हा तो रडत होता, आणि धूर लागला म्हणायची सोय होती, पण तसं काही तो म्हणाला नाही.

मग उल्यानाआत्याला सांगणं आलं. या वेळी त्याने फोनचं नावच काढलं नाही, स्वतः निघाला. स्लेज जोडली नाही. गाडी काय पळाली म्हणता! इतकी सुरेख ती कारखान्यातून आली तेव्हाही पळाली नसेल. सावेलीला तो एकसुरी आवाज ऐकवेना. भूशीर ओलांडलं, लाकडी घरं दिसू लागली, तेव्हा टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल होतं.

आत्या पायऱ्यांवरचा बर्फ झाडत होती. त्याला ओळखायला तिला वेळ लागला नाही. आधी ती हसली, मग वाकून त्याच्या मागे बघायला लागली.

“एकटाच? झोसिमा कुठंय?”

सावेलीने टोपी काढली. आमच्याकडे भर थंडीत माणसाने डोकं उघडं केलं की पुढचं सांगावं लागत नाही. झाडू हातात धरून म्हातारी पायरीवरच बसली.

“रागातच गेला ना रे?” तिने विचारलं.

“नाही, आत्या!” त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. “तुझ्याकडे यायचं होतं त्यांना! सगळा हिवाळा हाच ध्यास होता!”

“मग आणलं का नाहीस?”

शेजारच्या अंगणात दोन बाया दोरीवरचे कपडे काढत होत्या, त्या थांबल्या.

“पेट्रोल नव्हतं! यायला होतं, परतीला नव्हतं!”

आत्याने झाडू बाजूला ठेवला. मग ती उठली, त्याची बाही धरली आणि त्याला घरामागे, बोटीच्या छपरीत घेऊन गेली. दार खांद्याने ढकललं. कोपऱ्यात ताडपत्री होती ती तिने ओढली. खाली पीप होतं. तिने त्यावर चापट मारली, आवाज भरलेल्या पिपाचा आला.

“माझा पोरगा यंदा मासेमारीला आलाच नाही, शहरातच राहिला,” ती म्हणाली. “गेल्या वर्षीचं त्याचं हे पेट्रोल तसंच पडून आहे. मला काय करायचंय त्याचं? न्या म्हणून गावभर सांगत होते.” आणि मग तिचा आवाज फुटला. “अरे, विचारायचं तरी होतंस! एकदा विचारायचं तरी होतंस रे!”

सावेली खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

“काय म्हणालास? मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही.”

त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. दार सताड उघडं होतं, पलीकडच्या बाया कुंपणापर्यंत आल्या होत्या.

“मला मागता येत नाही, आत्या!” तो ओरडला. “मला मागताच येत नाही!”