कोनाड्यातले जुने थेंब

मी डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली बोलतेय. झाकण उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्या, असं माझ्या अंगावर चक्क छापलंय. वर्षभर हेच सांगत आले. एकानंही विश्वास ठेवला नाय.

मागच्या हिवाळ्यात चंपाबाईनं मला छावणीतल्या दवाखान्यातून आणलं. ती दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी पेरू विकते. सकाळचा गार वारा डोळ्यात शिरून डोळे कोरडे पडायचे, खुपायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वाऱ्यात बसताना चष्मा लाव, शेकोटीत तोंड घालून बसू नको, आणि हे थेंब."

पंधरा दिवसांत डोळे निवले. माझं काम तिथंच संपलं. पण बाईनं मला कोनाड्यात जपून ठेवलं, अन् गिऱ्हाईक हसतं म्हणून चष्मा ठेवला पेटीत! उलटा कारभार.

औंदा थंडी आली, डोळे परत खुपायला लागले. पेटीतला चष्मा काढायचा सोडून बाईनं मलाच काढलं. सून विशाखानं मला वाचलं.

"आत्या, टाका हे. लई जुनं झालंय."

चंपाबाईचा नवरा सांडू चहा पीत होता. "औषध काय भाकर हाय व्हय, शिळी व्हायला?"

सगळे हसले. वर यानं शहाणपण केलं. गार थेंब झोंबतात म्हणून मला चुलीच्या वैलावर शेकायला ठेवलं! माझी एक कड वितळून वाकडी झाली. मग माझं तोंड बाईच्या पापणीला टेकवून थेंब पिळले. माझ्या पोटात घाण झालेली, मी ओरडतेय. ऐकतंय कोण!

तिसऱ्या दिवशी डोळा सुजून मिटला. "बाटलीच खराब निघाली!" म्हणणारा पहिला सांडूच.

आता मी दवाखान्याच्या टेबलावर उभी आहे, वाकडी. खाली कचऱ्याचा डबा आहे. टाका मला, माझं काही म्हणणं नाय. पण तुमच्या कोनाड्यात माझी एखादी बहीण बसली असंल, तर तिलाही आजच काढा.

डॉक्टरीणबाई भडकल्यात. "मावशी, बुबुळाला जखम झालीय. अजून दोन दिवस काढले असते तर नजर गेली असती. हे जुनं औषध घालायला सांगितलं कुणी?"

तीस वर्षांत चंपाबाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नाय. लेकाच्या नावानं 'इंद्रजीतचे बाबा' म्हणते, रेशनच्या दुकानातसुद्धा नाव सुनेला सांगायला लावते. इंद्रजीतचे बाबा आत्ता भिंतीवरचं कॅलेंडर वाचतायत.

बाईनं बऱ्या डोळ्यानं त्याला रोखून बघितलं.

"लिहून घ्या, बाई. सांडू."